राजकन्येला दोनच वाक्यं

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी चौथीत, मुलगा सातवीत. मुलीच्या शाळेत जानेवारीत गॅदरिंग आहे आणि पोरांना आवडणाऱ्या कार्टूनांची सरमिसळ करून सरांनी एक नाटक बसवायला घेतलंय. राजकन्येला राक्षस पळवतो, राजपुत्र आपला दोस्त ड्रॅगन आणि एक बडबड्या पोपट यांना घेऊन तिला सोडवायला निघतो, अशी गोष्ट. मुलीला राजकन्येचं काम मिळालं. घरात सगळे खूष झाले, घेराचा फ्रॉकही शिवायला टाकला. दुसऱ्या दिवशी तालमीवरून पोरगी आली ती तोंड पाडूनच. “मला नाई व्हायचं राजकन्या. ती नुसती उभीच राहायलीय. मला ड्रॅगन पाहिजे.” आईनं वही उघडून पाहिली. सबंध नाटकात राजकन्येला वाक्यं दोन. “वाचवा, वाचवा!” आणि शेवटी, “तुम्ही किती शूर आहात!” ड्रॅगनला मात्र पानभर संवाद, पोपटालाही भरपूर.

आईनं सरांकडे विषय काढला. सर म्हणाले, “अहो, मेन रोल दिलाय तिला. ड्रॅगनचं काम पोरीला कसं शोभंल?” नवरा म्हणतो, कार्टूनच तर आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. सासूबाईंचं म्हणणं, मोबाइलवर कार्टून बघूनच पोरीला तोंड फुटलंय, दोन वाक्यं आहेत तेच बरंय. तेव्हापासून ही आई पोरांजवळ बसून कार्टून कान देऊन ऐकायला लागली. तिला वाटतं, यातल्या पोरी एक तर मदत मागतात, नाही तर कुणाची तरी समजूत काढतात. आणि आया तेवढ्या ओरडतात. तिनं विचारलंय : हे सगळं बघणं बंद करू का? ड्रॅगनसाठी पोरीला हट्ट धरू देऊ का? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : “मी स्वतःच तिला उठता-बसता ‘हळू बोल’ म्हणते, तिच्या भावाला कधी म्हटल्याचं आठवत नाही. मग कार्टूनला नावं ठेवायचा मला काय अधिकार?”

प्रिय ताई,

तुमच्या लेकीनं दोन दिवसांच्या तालमीत जे हेरलं, तेच मोजण्यासाठी कारमेन फॉट आणि कॅरन आयझेनहावर या अमेरिकेतल्या दोन भाषाशास्त्रज्ञ बायकांनी डिस्नेच्या राजकन्यांचे सिनेमे शब्दन् शब्द तपासले. कोण किती बोलतं, कोण कुणाला हुकूम सोडतं, कोण कुणाची कशाबद्दल तारीफ करतं, सगळं. त्यांचे आकडे २०१६ साली लोकांपुढे आले. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये बायकांचं आणि पुरुषांचं बोलणं जवळपास निम्मं-निम्मं होतं. १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त तर ७१ टक्के शब्द बायकांचे. काळ पुढे सरकला तसं हे वाढलं असेल असं कुणालाही वाटेल, पण झालं उलटंच. १९८९ च्या ‘द लिटिल मर्मेड’मध्ये ६८ टक्के शब्द पुरुषांचे, १९९२ च्या ‘अलादीन’मध्ये ९० टक्के. १९९८ चा ‘मुलान’ हा तर लढाईवर जाणाऱ्या मुलीचा सिनेमा, तिच्याच नावाचा. त्यातही ७७ टक्के बोलणं पुरुषांचं. आणि मुलानची पाठराखण करायला आलेला जो मुशू नावाचा छोटा ड्रॅगन आहे, तो एकटा मुलानच्या दीडपट बोलतो.

म्हणजे तुमची लेक ड्रॅगनच मागते यात नवल नाही. तिला बोलायचं आहे, आणि या गोष्टींमध्ये बोलणं ड्रॅगनकडे असतं हे तिनं ओळखलंय. तिला हट्टी म्हणू नका, इतरांनाही म्हणू देऊ नका. तिचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, हे आधी तिला सांगा. बाकीचं सगळं नंतर.

आता तुमच्या सरांकडे वळू. त्यांनी मुद्दाम काही केलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्या सिनेमांच्या लेखकांनीही बहुधा केलेलं नसतं. मुख्य पात्र मुलगी असावी एवढा विचार ते करतात. मग विनोद करायला कुणी तरी लागतं, पहाऱ्यावर शिपाई लागतात, बाजारात दुकानदार लागतो, गर्दीतून एकानं ओरडायचं असतं. आणि अशी प्रत्येक जागा भरताना हात आपोआप ‘तो’ लिहून जातो. गोष्टीत मुलगी एकटीच उरते आणि भोवती सगळी बाप्यांची वर्दळ. पुरुषांच्या बोलण्याचे ते ९० टक्के असेच होतात. नायिकेचं बोलणं कुणी कापलेलं नसतं, दुसरी बाईच लिहिलेली नसते. आपल्याकडे पोरं रोज बघतात ते ‘मोटू पतलू’ घ्या. २०१२ पासून चाललंय. फुरफुरी नगरातले मोटू, पतलू, डॉक्टर झटका, घसीटाराम, इन्स्पेक्टर चिंगम, जॉन डॉन ही नेहमीची सगळी मंडळी पुरुष. अख्ख्या नगरात रोजच्या कामाची एक बाई नाही, आणि आपल्या लक्षातही येत नाही. माझा आक्षेप आहे तो इथं, आपल्याला काही खटकतच नाही याला.

पण ताई, शब्द मोजून थांबू नका. आकडे फसवतात. ज्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त ७१ टक्के बोलणं बायकांचं आहे, तिथली राजकन्या चातीला बोट लागून झोपते, आणि त्यानंतर तिच्या तोंडी एक शब्दही नाही. बोलतात त्या तीन पऱ्या आणि एक चेटकीण. उलट ‘फ्रोझन’मध्ये (२०१३) दोघी बहिणी मुख्य असूनही बायकांचे शब्द ४१ टक्केच भरतात, तरी गोष्ट त्या दोघींशिवाय एक पाऊल सरकत नाही. ‘अलादीन’मधली जास्मिन बाप, वजीर आणि अलादीन यांना एका दमात ठणकावते, की मी काही कुणी जिंकून न्यायचं बक्षीस नाही. वाक्य खणखणीत आहे. पण तिच्या बोलण्यानं पुढं फारसं काही बदलत नाही, गोष्ट चालते ती अलादीन, जिनी आणि वजीर यांच्यातच.

म्हणून मी बघते ते वेगळंच. ती बोलल्यावर काही हलतं का? कुणी थांबून ऐकतं का, कुणाचं मत फिरतं का, कुठलं दार उघडतं का? हा एकच प्रश्न धरून बसलात तर कुठलाही सिनेमा, कुठलंही नाटक, आणि हो, आपलं घरसुद्धा नीट ऐकू यायला लागतं.

‘मुलान’चंच घ्या. सुरुवातीला लग्न जुळवणाऱ्या बाईपुढं मुलान जाते. नाव पुकारल्यावर ती “हजर” म्हणते, तर तेवढ्यावरच ती बाई वहीत नोंद करते, की परवानगीशिवाय बोलते. पुढं ती पुरुषाचा वेश करून, पिंग नावानं सैन्यात जाते, एका हुशारीनं शत्रूची फौज बर्फाखाली गाडते, आणि सेनापती तिच्यावर विश्वास टाकायला लागतो. मग ती बाई आहे हे उघड होतं. शत्रू अजून जिवंत आहेत, राजधानीत शिरलेत, हे तिला एकटीला ठाऊक असतं. ती धावत येऊन सेनापतीला सांगते, तो ऐकत नाही. ती त्याला विचारते, पिंगवर विश्वास ठेवला होतास ना, मग मुलानमध्ये असं काय वेगळं आहे? गर्दीतल्या लोकांना सांगायला जाते, ते तिला बाजूला सारतात. माणूस तेच, अक्कल तीच, खबर खरी. आवाज बाईचा झाला आणि बोलण्याची किंमत गेली. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ७७ टक्के पुरुषांचं बोलणं असलेल्या सिनेमानंच आपलं दुखणं इतकं उघडं करून दाखवलंय. म्हणून आकडा वाईट असला तरी हा सिनेमा लेकीला जरूर दाखवा. तो प्रसंग आला की थांबवा आणि विचारा, “लोक कामून ऐकंनात तिचं?” चौथीतली पोर याचं उत्तर देते.

आणि २०१६ चा ‘मोआना’. ती एका बेटावरच्या मुखियाची मुलगी, माऊई नावाच्या गर्विष्ठ वीराला शोधायला होडीतून निघते. भेटल्यावर काय बोलायचं ते ती वाटेत पुन्हापुन्हा घोकत असते : मी मोटुनुईची मोआना, तू माझ्या होडीत बसणार, समुद्र ओलांडणार आणि देवीचं चोरलेलं हृदय जिथलं तिथं ठेवून येणार. तुमच्या लेकीच्या पाठांतरासारखंच. माऊई समोर येतो आणि ही तोंड उघडते न उघडते तोच तो तिचं वाक्य तोडतो. ही आपली चाहती आहे असं परस्पर ठरवतो, तिच्या वल्ह्यावर सही ठोकतो, आपल्याच मोठेपणाचं एक लांबलचक गाणं म्हणतो आणि तिला गुहेत कोंडून निघून जातो. बैठकीत बोलायला उभ्या राहिलेल्या कुठल्याही महिला सरपंचाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. पण हा सिनेमा तिथंच थांबत नाही. शेवटी आग ओकणाऱ्या राक्षसिणीपुढं माऊईची ताकद संपते, आणि मोआना हातात शस्त्र न घेता तिच्याकडं चालत जाते. ही राक्षसीण म्हणजे हृदय गमावलेली ती देवीच आहे हे मोआनानं ओळखलेलं असतं, तू खरी कोण आहेस ते ती तिला सांगते, आणि आग विझते. तिच्या बोलण्यानंच गोष्ट सुटते. दोन वाक्यांच्या राजकन्येत आणि हिच्यात जो फरक आहे तो हा.

आता एक गोष्ट जरा सावकाश वाचा, कारण तुमच्या पत्रात मला एक भीती दिसली. मुलगी ठाम व्हायची तर तिनं भांडखोर, तुटक बोलायला शिकावं का, असं तुम्हाला कुठं तरी वाटतंय, आणि सासूबाईंना तर ते नक्कीच वाटतंय. जुन्या सिनेमांनीही हाच समज पक्का केलाय. तिथं थेट हुकूम सोडणारी बाई बहुधा सावत्र आई, नाही तर चेटकीण. चांगली मुलगी हळू बोलणार, विनवणार, विचारून विचारून करणार. १९७५ साली रॉबिन लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी लिहिलं होतं, की “म्हणजे मला आपलं वाटतं”, “हो ना?”, “जमलं तर” अशी अडखळती, मऊ भाषा बायकांच्या वाट्याला घातलेली असते आणि त्यातून त्यांचं म्हणणं हलकं पडतं. पुढं १९८० मध्ये विल्यम ओबार आणि बोमन अॅटकिन्स यांनी कोर्टातल्या साक्षी तपासल्या. त्यांना दिसलं, की ही भाषा बाईपणाला चिकटलेली नाही, ती हातात सत्ता नसण्याला चिकटलेली आहे. शिकलेली, अधिकाराच्या जागेवरची बाई साक्षीला आली तर ठाम बोलायची, आणि खालच्या पायरीवरचा पुरुष अगदी ‘बायकी’ म्हणतात तशा भाषेत अडखळायचा.

हे कळायला आपल्याला कोर्टात जायची गरज नाही. पीकविमा का आला नाही हे विचारायला गेलेला शेतकरी आठवा. घरात ज्याच्या आवाजानं भिंती हलतात तोच माणूस तहसील कचेरीतल्या टेबलापुढं उभा राहून म्हणतो, “साहेब, जरा बघता का, घाई न्हाई, जमलं तर...” आवाज मऊ, मान खाली. तेव्हा मऊ बोलणं हा काही बाईचा स्वभाव नव्हे. समोरचा ऐकेल याची खात्री नसली की कुणीही तसंच बोलतं. आपल्या पोरीला ती खात्री वाटली पाहिजे, एवढं आपलं काम आहे. मग ती मोठ्यानं बोलेल की हळू, हे तिचं तिला ठरवू द्या.

मऊ बोलूनही काम कसं करून घेता येतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण जपानी आहे. हायाओ मियाझाकी यांचा २००१ चा ‘स्पिरिटेड अवे’. चिहिरो नावाची दहा वर्षांची घाबरट मुलगी भुताखेतांच्या न्हाणीघरात सापडते, आणि वाचायचं तर तिथं काम मिळवावंच लागणार असतं. मालकीण असलेली चेटकीण जादूनं तिचं तोंड चेन ओढावी तसं बंद करून टाकते. पुन्हा तोंड उघडतं तेव्हा चिहिरो रडत नाही, भांडत नाही. “कृपा करून मला इथं काम द्या.” तेच वाक्य, त्याच अदबीनं, पुन्हा आणि पुन्हा. चेटकीण ओरडते, घाबरवते, ही तेच म्हणते, आणि शेवटी काम मिळतं. सासूबाईंना हा भाग दाखवा. पोरीनं नम्र असावं हे त्यांचं म्हणणंही राहतं आणि गप्प बसावं हे मात्र आपोआप गळून पडतं.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर सांगते. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना ओव्या विचारा. त्यांच्या वयाच्या आपल्याकडच्या बायकांनी जे घरात कुणापुढं बोलता आलं नाही ते पहाटे जात्यावर बोलून घेतलंय, नवऱ्याबद्दल, भावाबद्दल, सासरबद्दल, देवाबद्दलसुद्धा. हेमा राइरकर आणि गी प्वातव्हां यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या, त्यात मराठवाड्यातल्याही आहेत. आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई! तिचा एक अभंग आहे, त्यात ती अंगणात उभी राहून साक्षात विठ्ठलाला शिव्या घालते. सातशे वर्षं झाली, कुणी म्हटलं नाही की बाईच्या जातीला हे शोभत नाही. आपण तिला संत म्हणतो. आजीनं नातीला ओवी शिकवली तर तोंड फुटण्याला त्या घरात एक मानाची जागा मिळेल. आजी-नातीचं यावरून जमेल, असा मला भरवसा वाटतो.

मग कार्टून बंद करायचं का? माझं उत्तर नाही असं आहे. मोबाइल किती वेळ बघायचा हा डोळ्यांचा, झोपेचा, अभ्यासाचा प्रश्न आहे, तो तुम्ही एरवीही सोडवालच. पण कार्टूनमधल्या मुली गप्प असतात म्हणून कार्टून काढून घेतलं, तर गप्प पोरींबद्दल बोलायची संधीच जाते. शिवाय तुमच्या लेकीला प्रश्न पडला तो हेच सगळं बघून. २००८ पासून चाललेल्या ‘छोटा भीम’मध्ये चुटकी हुशार आहे, धीट आहे, आणि तरी भीमला ताकदीचे लाडू बहुतेक वेळा तिच्याच हातून पोचतात. ‘डोरेमॉन’मधली शिझुका अभ्यासू, समजूतदार, सगळ्यांशी गोड. या पोरी वाईट नाहीत. लेकीला त्या आवडत असतील तर आवडू द्या. फक्त एखादे वेळी शेजारी बसून विचारा, आज चुटकीनं सुचवलेलं कुणी केलं का? ती आज नसतीच तर गोष्ट कुठं अडली असती? एका वेळी एकच प्रश्न पुरे, नाही तर पोरं उठून जातील.

तारीफ कशाची होते याच्याकडंही तिचं लक्ष वेधा. फॉट आणि आयझेनहावर यांनी तेही मोजलं होतं. सगळ्यात जुन्या सिनेमांत बायकांच्या वाट्याला आलेल्या तारिफेपैकी सुमारे ५५ टक्के रूपाबद्दल आणि ११ टक्के त्यांच्या कर्तबगारीबद्दल होती. अलीकडच्या सिनेमांत रूपाची २२ वर आली आणि कर्तबगारीची ४० वर गेली. म्हणजे बदल होतो, लिहिणाऱ्यांनी मनावर घेतलं की होतो. घरातही हा हिशेब करून बघण्यासारखा आहे. पाहुणे आले की मुलीला आपण पहिलं वाक्य कोणतं म्हणतो, आणि मुलाला कोणतं?

आता नाटक. तुम्ही दोनच वाटा मांडल्यात, राजकन्या किंवा ड्रॅगन. तिसरी वाट मला जास्त पटते, ती म्हणजे वाक्यं बदलण्याची. पण आधी लेकीला विचारा. तिला ड्रॅगनच करायचा असेल, त्यातली गंमत तिला हवी असेल, तर तिच्या बाजूनं उभ्या राहा. सर ‘शोभत नाही’ म्हणाले तर त्यांना सांगा, की हिंदीतल्या डोरेमॉनचा आवाज कितीतरी वर्षं सोनल कौशल या बाईंनी दिलाय, आणि ते पोरांना सहज पटलंय. पोरीनं ड्रॅगन केला तर प्रेक्षकांत बसलेली पोरं दोन मिनिटांत विसरतील की आत कोण आहे.

आणि तिला नुसतं बोलायला हवं असेल, तर सरांकडं तक्रार घेऊन जाऊ नका, कागद घेऊन जा. शिक्षकांना गॅदरिंगच्या दिवसांत शंभर व्याप असतात. नाचाची गाणी, कपडे, पाहुणे, माइक. “सर, तुमची गोष्ट तशीच ठेवलीय, राजकन्येला फक्त थोडं काम दिलंय, बघता का?” असं म्हणून लिहिलेलं हातात दिलं तर नाही म्हणणं त्यांनाही जड जाईल. गोष्ट मोडायची गरज नाही. “वाचवा, वाचवा!” काढून टाका. राजकन्या बांधलेली आहे, पण डोळे आणि कान उघडे आहेत. ती पोपटाला हळूच म्हणते, “पोपटा, राक्षस दुपारी जेवला की घोरायला लागतो. मागच्या दाराला कुलूप नाही, नुसती कडी आहे. जा, सांग त्यांना, पुढून येऊ नका.” आता राजपुत्र आत शिरतो तो तिच्या सांगण्यावरून. शेवटचं “तुम्ही किती शूर आहात!” राहू द्या हवं तर, पण त्याला उत्तर येऊ द्या. राजपुत्रानं म्हणावं, “कडीचं तुला कसं कळलं?” आणि तिनं ते सांगावं. तीन-चार वाक्यंच वाढली, पण ती बोलली नाही तर नाटक पुढं सरकत नाही. जमलं तर एक-दोन शिपाई आणि तो बडबड्या पोपटही मुलींना द्यायला सांगा. हे वाचणारे आणखी सर, बाई असतील तर त्यांनाही माझी हीच विनंती आहे. वहीतल्या सगळ्या ‘तो’वर एकदा बोट ठेवून बघा, त्यातले किती जण ‘ती’ झाले तर गोष्टीचं काहीच बिघडत नाही.

सर नाहीच म्हणाले, तरी पोरीला नाटकातून काढू नका. तिला दोन्ही नाटकं पाठ करू द्या, शाळेतलं शाळेत करू द्या आणि तुमचं गल्लीतल्या पोरांना घेऊन ओट्यावर.

तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. अधिकार कसला विचारता ताई? ज्या आईला आपणच “हळू बोल” म्हणतो हे ऐकू आलं, तिला सगळ्यात जास्त अधिकार आहे. ते तुमच्या तोंडी तुमच्या आईकडून आलं, तिच्या तोंडी तिच्या आईकडून. स्वतःला बोल लावत बसू नका. सवय एका दिवसात जाणार नाही, पण एवढं करता येईल : तोंडून निघालंच, तर लगेच त्याच दमात मुलालाही म्हणा. दोघांनाही म्हणण्यासारखं असेल तर ती शिस्त. एकीलाच म्हणावंसं वाटलं, तर तिथंच गिळून टाका.

नवऱ्याला भाषण देऊ नका, एक काम द्या. लेक जेवताना शाळेतलं काही सांगत असते तेव्हा फोन पालथा ठेवायचा आणि तिचं वाक्य पुरं होईपर्यंत कुणाला मध्ये बोलू द्यायचं नाही, स्वतःलाही नाही. बापानं लक्ष देऊन ऐकलेलं वाक्य पोरगी विसरत नाही, आणि पुढं कुणी तिचं वाक्य तोडलं तर ते तिला चटकन कळतं.

आणि मुलाला यातून वगळू नका. पत्रात तो एका वाक्यापुरता आलाय, पण ९० टक्के बोलणं पुरुषांचंच असलेल्या गोष्टी बघत वाढणारा तोही आहेच. मुलीचं मध्येच तोडावं, तिनं आपल्याला शूर म्हणावं, तिला सगळ्यात शेवटी विचारावं, हे तोही त्याच पडद्यावरून उचलतो, आणि त्याच्या बाबतीत ते खटकत नाही म्हणून जास्त मुरतं. हे सिनेमे दोघांना एकत्रच दाखवा. माऊई सही ठोकतो तिथं आधी मुलाला विचारा, त्यानं काय करायला हवं होतं? तो हसण्यावारी नेईल, नेऊ द्या, पुढच्या वेळी पुन्हा विचारा. ‘मोआना’पासून सुरुवात करा, तो दोघांनाही सहज झेपेल. मग ‘मुलान’. चिहिरोचा सिनेमा मात्र तुम्ही आधी एकट्या बघून घ्या. त्यात सुरुवातीलाच तिच्या आई-बापांची डुकरं होतात आणि चौथीतल्या लेकरांना ते भीतीदायक वाटू शकतं, तेव्हा रविवारी दुपारच्या उजेडात, आजीला जवळ बसवून लावा.